पुस्तकातली खूण कितव्या पानावर?

दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करून आपण बाहेर पडतो आणि पाय आपोआप शिवाजी पार्ककडे वळतात. तिथे ओळीने मांडलेले पुस्तकांचे स्टॉल हे आपल्या समाजाचे खरे वैभव. गावाकडून आलेली माणसे फडक्यात बांधून आणलेली भाकरी खातात, बाहेरच्या खाण्याचे पैसे वाचवतात आणि त्या पैशांचे पुस्तक घेतात. नागपूरला दीक्षाभूमीवरही हेच चित्र दिसते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना अक्षर शिवू दिले नाही, त्यांची नातवंडे पिशव्या भरभरून पुस्तके घरी नेतात. हे पाहून कोणाचीही छाती अभिमानाने भरून येईल.

पण वाचक बंधू-भगिनींनो, आज एक प्रश्न विचारते. रागावू नका. गेल्या वर्षी त्या पिशवीतून जी पुस्तके घरी आली, त्यांतली किती शेवटच्या पानापर्यंत वाचून झाली?

मी माझ्यापासून सुरुवात करते. मागच्या महिन्यात कपाट आवरताना मी पुस्तके खाली काढली. एकूण तेवीस निघाली. त्यांतल्या अकरा पुस्तकांत मध्येच कुठेतरी खूण घातलेली होती. एकात बसचे तिकीट, एकात रेशनची पावती, एकात डोकेदुखीच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट, एकात मुलाच्या वहीचा फाटका कोपरा. कुठे चाळिसावे पान, कुठे एकशे दहावे. एका जाड कादंबरीत तर खूण नवव्या पानावरच होती. त्या अकरा पुस्तकांकडे पाहून मला आधी लाज वाटली आणि मी ती पुन्हा मागे सारून ठेवली. पाहुण्यांना दिसतील अशा जागी मात्र वाचून झालेली लावली.

ही लाज माझ्या एकटीची नाही, हे मला आमच्या विहारात कळले.

काय वाचले, काय सोडले

आमची वस्ती भांडुपच्या डोंगरावरची. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. तीन महिने संध्याकाळी बायामाणसे, मुले, म्हातारी मंडळी येतात. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. आश्विन पौर्णिमा झाली की विहार पुन्हा ओस पडतो. म्हणून महिला मंडळाने ठरवले की महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी वंदना झाल्यावर एक तास बसायचे आणि आपण घरी काय वाचले ते एकमेकांना सांगायचे. ग्रंथ वर्षावासात वाचतोच, तर या तासाला कादंबऱ्या घ्याव्यात, असे ठरले.

इथे एक गंमत सांगते. आमच्या वस्तीत जे जाड असेल ते सगळे 'कादंबरी'. 'बलुतं' कादंबरी, 'आयदान' कादंबरी, 'अक्करमाशी'ही कादंबरी. ही आत्मकथने आहेत, त्यांत घडले तेच लिहिले आहे, असे एका शिक्षक दादांनी समजावून सांगितले. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "आमाला गोष्ट वाटती, म्हणून कादंबरी. खरी असली म्हणून काय झालं?" तेव्हापासून आम्ही दोन्ही घेतो.

पहिल्या रविवारी सात जण बोलले. सगळ्यांनी वाचलेल्या पुस्तकाची स्तुती केली. "फार छान आहे", "प्रत्येकाने वाचावे", "डोळ्यांत पाणी आले". एकानेही कोणते पुस्तक आवडले नाही, हे सांगितले नाही. तास कसाबसा संपत आला, तेव्हा कॉलेजात जाणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मी खरं सांगू का? मी भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू' घेतली होती. सहाशे पानांच्या वर आहे. साठाव्या पानावर सोडली. मला त्यातली माणसं लक्षात राहीनात."

क्षणभर सगळे गप्प झाले. मग कोणीतरी हसले आणि म्हणाले, "तू साठ तरी वाचलीस!" आणि धरणाचे दार उघडावे तशी माणसे बोलू लागली. कोणी काय अर्धवट टाकले, कोणी कोणते पुस्तक तीनदा सुरू करून तीनदा ठेवले, कोणी सगळ्यांना वाचले म्हणून सांगितले आणि नुसते मलपृष्ठ वाचले होते. त्या दिवशी एक तासाचे दोन तास झाले.

लाज कशाची?

घरी येताना मी विचार करीत होते. पुस्तक अर्धे सोडले तर आपल्याला एवढे अपराधी का वाटते? इतर समाजातली माणसे कंटाळा आला की पुस्तक खाली ठेवतात आणि विसरून जातात. आपल्याला ते जमत नाही.

कारण आपल्या घरात पुस्तक बाबासाहेबांच्या फोटोखाली असते. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, ही गोष्ट आपल्या मुलांना पाठ असते. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे आपण पाळण्यापासून ऐकतो. दादरच्या 'राजगृहा'त त्यांनी माणसांपेक्षा ग्रंथांच्या सोयीचा विचार आधी केला, हेही आपल्याला ठाऊक आहे. अशा माणसाचे नाव घ्यायचे आणि एक कादंबरी पुरी करायची नाही, याची टोचणी लागते. मग आपण दोनपैकी एक करतो. एक तर खोटे सांगतो, नाही तर पुस्तकाच्या वाटेलाच जात नाही. दुसरे जास्त वाईट. नऊ पाने वाचून सोडणाऱ्याला पुढच्या वेळी शंभर पाने वाचता येतील. जो लाजेपोटी पुस्तकच हातात घेत नाही, त्याचे वाचन कायमचे थांबते.

आणि बाबासाहेबांचेच उदाहरण घ्यायचे तर पुरते घेऊ या. ते नुसते वाचणारे नव्हते, वाचून नाकारणारेही होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. ते धर्मग्रंथ न वाचता त्यांनी टाकले नाहीत. अक्षरन् अक्षर वाचून, कारणे देऊन नाकारले. भगवान बुद्धांनीही कालामांना हेच सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात लिहिले आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. मग एखाद्या कादंबरीला मोठा पुरस्कार मिळाला म्हणून ती आपल्याला आवडलीच पाहिजे, हे कोठून आले? मात्र सोडताना कारण सांगता आले पाहिजे. आमच्या रविवारच्या तासाचा हाच एक नियम झाला. पुस्तक सोडा, पण का सोडले ते सांगा.

दोन रात्रींत 'फकिरा'

आता काही मते सांगते. आमच्या वस्तीत वॉचमनची नोकरी करणारे एक दादा आहेत. सातवीनंतर शाळा सुटलेली. त्यांनी अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' दोन रात्रपाळ्यांत संपवली. ही कादंबरी १९५९ सालची. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे, हे अर्पणपत्रिकेचे पान दादांनी सगळ्यांना उघडून दाखवले. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस, आमच्यापासून तीन स्टेशनांवर असलेल्या घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून असे लिहून गेला, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. दुष्काळात भुकेल्या माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा आणि शेवटी आपल्या माणसांसाठी स्वतःला इंग्रजांच्या हवाली करणारा फकिरा, दोन्ही त्यांनी असे सांगितले की जणू काल पाहून आले.

तेव्हा मागे बसलेल्या एका ताईंनी वेगळे मत दिले. त्या म्हणाल्या, "कादंबरी मला आवडली. पण फकिरा पहिल्यापासून वाघच आहे. माझा बाप वाघ नव्हता. तो मुकादमाला घाबरायचा, पोलिसाला घाबरायचा, सावकाराला घाबरायचा. तरी घाबरत घाबरत त्यानं आम्हा तिघी बहिणींना शाळेत घातलं. अशा माणसाची कादंबरी कोण लिहिणार?" दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, ती तुम्हीच लिहा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण ताई गंभीर होत्या. मला वाटते, त्या खरोखर लिहितील.

कर्णाचे काय करायचे?

सर्वांत मोठा वाद 'मृत्युंजय'वरून झाला. शिवाजी सावंतांची ही १९६७ सालची कादंबरी आपल्या समाजातही घरोघर वाचली गेली आहे, हे मान्य केले पाहिजे. एका तरुणाने सांगितले, "दहावीत असताना मी ही एका आठवड्यात वाचली. सूतपुत्र म्हणून कर्णाला हिणवतात तेव्हा मला ते माझंच वाटायचं. यंदा पुन्हा वाचायला घेतली आणि अर्ध्यात थांबलो. मनात आलं, कर्ण शेवटी सूर्याचा आणि कुंतीचाच मुलगा निघतो. म्हणजे त्याचं तेज त्याच्या जन्मातूनच आलं. तो राधेच्या पोटचा असता, तर त्याला कोणी मोठा म्हटलं असतं का?"

विहारातले एक ज्येष्ठ उपासक आधीच नाराज होते. ते म्हणाले, "आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. हे पुराण विहारात कशाला?" तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "बाबा, मी ते मानायला नाही वाचलं. वाचलं म्हणून तर मला हा प्रश्न पडला." बाबांनी मान हलवली. मग तेच म्हणाले की, त्यांच्या तरुणपणी गिरणीत कर्णाच्या नावाने गप्पा निघत, तेव्हा हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता.

मला त्या मुलाचे कौतुक वाटले. त्याने पुस्तक अर्ध्यात ठेवले, पण ठेवताना त्याच्या हाती काहीतरी लागले. दहावीत पूर्ण वाचले तेव्हा ते लागले नव्हते. तरीही एक ताई म्हणाल्या ते मला पटते, की दहावीतल्या त्या वाचनालाही नावे ठेवू नये. कारण वाचनाची गोडी त्याला तिथेच लागली.

अशीच गंमत 'कोसला'ची झाली. नेमाडे यांची ही १९६३ सालची पहिली कादंबरी एका घरात मुलाला फार आवडली आणि वडिलांनी ती पन्नास पानांत मिटली. वडिलांचे म्हणणे, "बाप गावात राबतो आणि हा पांडुरंग पुण्याला होस्टेलवर राहून बापाचे पैसे उडवतो. त्याचं काय कौतुक करायचं? मी ओव्हरटाइम करून तुला शिकवतो, ते यासाठी का?" मुलगा म्हणाला, "बाबा, ही पैसे उडवण्याची गोष्ट नाही. त्याला कुठंच आपलं वाटत नाही, त्याची आहे. मलाही कॉलेजात असंच वाटतं." हे वाक्य त्या मुलाने बापाला पहिल्यांदाच सांगितले होते, आणि तेही चारचौघांत. पुढच्या महिन्यात वडील आले आणि म्हणाले, "पुन्हा घेतली. त्याची बहीण मनी जाते तिथपर्यंत आलो. आता सोडणार नाही."

डोळे मिटतात त्याला काय करायचे?

सगळीच पुस्तके मतभेदामुळे सुटत नाहीत. आपल्या घरांत पुस्तक सुटण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे थकवा. सकाळी चारला उठून पाणी भरायचे, डबे करायचे, कामावर जायचे, लोकलमध्ये उभे राहून परत यायचे, पुन्हा स्वयंपाक. रात्री साडेदहाला पुस्तक उघडले की दुसऱ्या पानावर डोळे मिटतात. चाळिशी झाली की अक्षर दिसत नाही, आणि चष्म्याचा खर्च मुलांच्या फीच्या मागे जातो. एका खोलीत सहा माणसे आणि एक टीव्ही. आता त्यात प्रत्येकाच्या हातात मोबाइल. अशा घरातल्या बाईला "तू वाचत नाहीस" म्हणणे सोपे आहे.

अमरावतीकडच्या एका ताई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनी उद्धव शेळके यांची 'धग' चार वेळा सुरू केली आणि चारही वेळा झोप लागली. १९६० सालची ही कादंबरी वऱ्हाडातल्या एका गरीब शिंपी कुटुंबाची आहे. घर ओढणारी कौतिक, कामाला मागे राहणारा नवरा महादेव, शिकावा म्हणून धडपड केलेला मुलगा नामा. ताईंना पुस्तक आवडत होते, पण डोळे साथ देत नव्हते. त्यांनी हे रविवारी सांगितले तेव्हा त्यांची नववीतली मुलगी शेजारी होती. दुसऱ्या दिवसापासून ताई भाकरी थापतात आणि मुलगी परातीजवळ बसून मोठ्याने वाचते. मुलगी मुंबईत वाढलेली, तिला वऱ्हाडी बोली नीट वाचता येत नाही. ती चुकते, आई हसते आणि शब्द सांगते. दोन महिन्यांत 'धग' पुरी झाली. ताई म्हणाल्या, "कौतिक आपल्या जातीची नाही, पण तिची चूल माझीच हाये."

यावरून एक लक्षात येते. पुस्तक सुटले त्याचा दोष दर वेळी पुस्तकाचा नसतो आणि वाचणाऱ्याचाही नसतो. कधी कधी वाचून दाखवणारे कोणी नसते, एवढेच.

आत्यांनी मिटवायला लावलेले पुस्तक

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. ही सांगू की नको, असे बरेच दिवस मनात होते. सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "लिही. नाव नको घालू."

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, सातारा जिल्ह्यातल्या माण भागातल्या. अक्षरओळख नाही. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमचं' मी आणले, तेव्हा वाटले की हे आत्यांना आवडेल. बेबीताई फलटणच्या, म्हणजे आत्यांच्याच मुलखातल्या. हे लिखाण त्यांनी घरच्यांपासून कित्येक वर्षे लपवून ठेवले होते. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकातून आले आणि १९८६ मध्ये त्याचे पुस्तक झाले. त्यात महारवाड्यातले जुने दिवस आहेत, दारिद्र्य आहे, बाबासाहेबांच्या शब्दाने जागी झालेली माणसे आहेत. मी रात्री थोडे थोडे वाचून दाखवू लागले. आत्या रंगून ऐकत. "अस्संच व्हतं", "हे खरं हाये", असे मध्ये मध्ये म्हणत.

मग सासुरवासाची पाने आली. लहान वयात लग्न होऊन आलेल्या मुली, त्यांच्यावर सासवांनी केलेले जुलूम, हे बेबीताईंनी काही न झाकता लिहिले आहे. बाहेरच्यांनी आपल्याला कसे छळले हे तर सगळेच सांगतात. आपण आपल्याच घरातल्या पोरींना कसे छळले, हे सांगायला मोठे धैर्य लागते. मी वाचत होते आणि आत्या एकदम म्हणाल्या, "बास कर. मिटव ते."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घेतले, तर त्या उठून बाहेर गेल्या. मला वाटले, जुने दुःख वर आले असेल. त्यांनीही सासुरवास भोगला होता. मी पुस्तकात तिकीट घालून ते कपाटात ठेवले. ते तिथे वर्षभर राहिले. माझ्या अकरा पुस्तकांतले ते एक.

रविवारच्या तासाला आत्या कोपऱ्यात बसून ऐकत असत. एकदा माझी पाळी आली, तेव्हा मी सांगितले की 'जिणं आमचं' अर्धे राहिले आहे, कारण आमच्या घरात ते ऐकवत नाही. तेव्हा आत्या सगळ्यांसमोर बोलल्या. "ऐकवत न्हाय ते म्या भोगलं म्हणून न्हाय. म्या केलं म्हणून."

विहारात सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. आत्यांनी सांगितले की, थोरल्या सुनेला, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंना, लग्नानंतरची पहिली काही वर्षे त्यांनी पोटभर जेवू दिले नाही. भाकऱ्या मोजून ठेवत. सासूने आपल्याला जसे केले तसेच करायचे असते, एवढेच त्यांना ठाऊक होते. दीक्षा घेतलेल्या घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली हे चालले होते. मी धाकटी, बऱ्याच वर्षांनी आले. तोपर्यंत त्या निवळल्या होत्या. मला यातले काही माहीत नव्हते. जाऊबाईंनीही कधी तोंडातून काढले नाही.

त्या रात्री आत्यांनी स्वतःच ते पुस्तक मागितले. जिथे तिकीट होते तिथून वाचायला लावले. एकदाही थांब म्हणाल्या नाहीत. पुस्तक संपले त्याच्या पुढच्या रविवारी त्या कल्याणला जाऊबाईंकडे गेल्या. तिथे दोघींत काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. पण या वर्षी वैशाख पौर्णिमेला जाऊबाई सगळ्या कुटुंबासह आमच्याकडे आल्या. आत्यांनी पहिले ताट त्यांचे वाढले, आणि मोजले नाही.

मला आता वाटते, मी आत्यांवर तेव्हा जबरदस्ती केली असती किंवा "म्हातारीला काय कळते" म्हणून सोडून दिले असते, तर हे झाले नसते. काही पुस्तके आपल्या फार जवळची असतात म्हणून मिटली जातात. त्यांना वेळ द्यावा लागतो. खूण तेवढी काढून टाकू नये.

घरोघरी हे करता येईल

आमच्या अनुभवावरून चार गोष्टी सुचवते.

घरात एक वही ठेवा. एका पानावर वाचलेले पुस्तक आणि समोरच्या पानावर सोडलेले पुस्तक लिहा. सोडलेल्यापुढे कारण एका ओळीत लिहा. 'कंटाळा आला' हे कारण चालेल, पण कशाचा कंटाळा आला तेही लिहावे. भाषा कळली नाही, माणसे खोटी वाटली, आपल्यासारख्यांचा त्यात अपमान आहे, की दिवसभराच्या कामाने डोळा लागला? ही कारणे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे.

निदान पन्नास पाने वाचल्याशिवाय सोडू नका. लहान कादंबरी असेल तर पूर्ण वाचा. बाबूराव बागूल यांची 'सूड' ही छोटीशी कादंबरी आहे, दोन बैठकांत होते. जाड पुस्तकाची धास्ती वाटणाऱ्यांनी अशा पुस्तकांनी सुरुवात करावी.

सोडलेले पुस्तक शेजारी द्या. तुम्हाला नाही आवडले ते दुसऱ्याला आवडेल. साठ पानांवर सोडलेली 'हिंदू' आमच्या शिक्षक दादांनी नेली आहे. ते तीनशेव्या पानावर पोहोचले आहेत आणि त्या मुलीला दर रविवारी पुढची गोष्ट सांगतात. तिने ती परत मागितली आहे.

आणि मुलांसमोर खरे बोला. आईने पुस्तक अर्धे सोडले, मग सहा महिन्यांनी पुन्हा घेतले आणि पुरे केले, हे मुलाने पाहिले तर त्याला गणितात नापास झाल्यावरही पुन्हा बसण्याचे बळ येईल.

शेवटी पुन्हा बाबासाहेबांची आठवण. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडनचा अभ्यास अर्ध्यात टाकून परत यावे लागले. त्यांनी जमवलेले ग्रंथ वेगळ्या बोटीने येत होते. ती बोट महायुद्धात बुडाली आणि ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. अभ्यास अर्धा आणि ग्रंथही गेलेले. पण १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, जिथे थांबले होते तिथून सुरुवात केली आणि १९२३ मध्ये तिथली डी. एस्सी. पदवी मिळवली. मधली तीन वर्षे त्यांच्या अभ्यासातही खूण घातलेलीच होती.

माझ्या अकरा पुस्तकांपैकी आता आठ राहिली आहेत. दोन पुरी झाली आणि एक मी विचार करून, कारण लिहून, शेजारी देऊन टाकले. नवव्या पानावरची ती जाड कादंबरी अजून तिथेच आहे. या वेळी मात्र ती मी पुढच्या रांगेत ठेवली आहे, पाहुण्यांना दिसेल अशी.

आपण अलीकडे कोणती कादंबरी वाचली आणि कोणती सोडली? का सोडली? या पानासाठी अवश्य लिहून पाठवा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. आणि आज घरी गेल्यावर कपाट उघडून एवढे पाहा, खूण कितव्या पानावर आहे.

जय भीम!